फर्मवेअरची बिल्ड सिस्टीम सुधारताना: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) कंट्रोल पॅनेल बनवणारे असोत की कलाभवनात (इंजिनिअरिंग कॉलेजात) शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट करणारे, ओपन सोर्स फर्मवेअरमध्ये (बोर्डावरच्या चिपमध्ये भरायच्या प्रोग्राममध्ये) हात घालणाऱ्या बडोद्याच्या मंडळींची एक चूक ठरलेली आहे. बिल्ड (सोर्समधून बायनरी बनवण्याचं काम) त्रास देतो म्हणून पहिल्याच दिवशी जुनी मेकफाइल (‘मेक’ या टूलला बिल्डचे नियम सांगणारी फाइल) मोडीत काढायची आणि सगळं सीमेक या दुसऱ्या टूलवर न्यायला घ्यायचं. मग काही आठवड्यांनी हजारो ओळींचा एकच पॅच (बदलांचा गठ्ठा) तयार होतो. मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारा) तो वाचू शकत नाही, म्हणून तो पडून राहतो. वाचलाच, तर मेकफाइलमधले जुने दोष नव्या फाइलींत जसेच्या तसे उतरलेले सापडतात.

टूल बदलणं हा शेवटचा टप्पा आहे, आणि अनेक प्रकल्पांना त्याची गरजही पडत नाही. आधी आहे तो बिल्ड भरवशाचा करायचा: तोच सोर्स दिला की तीच बायनरी निघाली पाहिजे, आणि ‘मेक क्लीन’ (आधी बनलेलं सगळं पुसणं) न करताही निकाल बरोबर आला पाहिजे. खालचे टप्पे त्याच क्रमाने आहेत. मधला टप्पा गाळून पुढे जाऊ नका.

उदाहरणादाखल पाण्याच्या टाकीची पातळी पाहून पंप चालू-बंद करणारं एक फर्मवेअर डोळ्यांसमोर ठेवू. त्याचे दोन बोर्ड आहेत: एकावर एसटीएम३२एफ१०३सी८ (फ्लॅश ६४ केबी, रॅम २० केबी), दुसऱ्यावर एसटीएम३२एफ४०७. शिवाय पीसीवर चालणाऱ्या चाचण्यांचा तिसरा बिल्ड. कमांड आणि पर्याय इथे उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. टर्मिनलवर ते अर्थातच रोमन अक्षरांत टाकायचे.

## तयारी: हात लावण्याआधी

मेंटेनरला विचारा. काय बिघडलं आहे आणि कोणत्या क्रमाने दुरुस्त करणार, हे दहा ओळींत लिहून पाठवा. उत्तर येईपर्यंत पुढचा पहिला टप्पा तुमच्या मशीनवर खुशाल करा, पण पॅच पाठवू नका.

फोल्डरचा पत्ता तपासा. जीएनयू मेक फाइलींची नावं मोकळ्या जागेवर तोडतं. विंडोजवर यूजरच्या नाव-आडनावात जागा असेल आणि प्रकल्प डेस्कटॉपवरच्या ‘न्यू फोल्डर’मध्ये असेल, तर बिल्ड चालत नाही यात मेकफाइलचा काही दोष नाही. डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची सोय) वापरत असाल तर प्रकल्प लिनक्सच्या स्वतःच्या होम डिरेक्टरीत क्लोन करा (गिटने प्रत घ्या). सी ड्राइव्हवर ठेवून डब्ल्यूएसएलमधून बिल्ड केला की फाइली वाचण्यातच वेळ जातो.

पेनड्राइव्हवर थेट बिल्ड करू नका. फॅट३२ मध्ये फाइल बदलल्याची वेळ दोन सेकंदांच्या टप्प्याने नोंदली जाते. मेक तर फक्त वेळच पाहतं. या दोन गोष्टी एकत्र आल्या की बदललेली फाइल बदललेली वाटत नाही.

ओळींचे शेवट आणि नावांतली लहान-मोठी अक्षरं. विंडोजवर सेव्ह झालेली शेल स्क्रिप्ट लिनक्सवर चमत्कारिक एरर देते. गिटअ‍ॅट्रिब्यूट्स फाइलमध्ये स्क्रिप्टसाठी एलएफ (लिनक्सचा ओळीचा शेवट) सक्तीचं करा. हेडरच्या (सोर्समध्ये इन्क्लूड करायच्या फाइलीच्या) नावात मोठा ‘यू’ आणि इन्क्लूडमध्ये लहान ‘यू’ असला तर विंडोज चालवून घेतं, लिनक्स घेत नाही. हे आत्ताच शोधून वेगळ्या पॅचमध्ये दुरुस्त करा.

## टप्पा १: साक्षीदार बायनरी तयार करा

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात, आणि पुढची सगळी भांडणं त्यातूनच निघतात. बिल्ड सिस्टीम बदलताना फर्मवेअर बदललं नाही, हे सिद्ध करायला पुरावा लागतो. तो पुरावा म्हणजे आजची बायनरी.

प्रकल्पाचा ताजा क्लोन घ्या. प्रत्येक बोर्डासाठी बिल्ड करा. डॉट-बिन (बोर्डात भरायचे नुसते बाइट), डॉट-एल्फ (तेच, डीबगच्या माहितीसह) आणि मॅप फाइल (कोणता भाग कुठून आला याची यादी) बाजूला ठेवा, डॉट-बिनचा शा-२५६ (फाइलीचा ठसा) काढून लिहून ठेवा. मग दुसऱ्या नावाच्या फोल्डरमध्ये दुसरा क्लोन घेऊन पुन्हा तेच करा.

दोन्ही शा जुळले तर नशीब चांगलं आहे. जुळले नाहीत तर कारण बहुधा यांपैकी एक असतं:

- सोर्समध्ये कुठेतरी डेट किंवा टाइम हे (बिल्डची तारीख-वेळ भरणारे) मॅक्रो वापरलेत. ‘-डब्ल्यूडेट-टाइम’ हा पर्याय दिला की जीसीसी (सी कम्पायलर) अशा जागांवर बोट ठेवतं. मॅक्रो काढता येत नसेल तर ‘सोर्स डेट इपॉक’ हे एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल ठरावीक आकड्यावर ठेवा; जीसीसी ७ पासून ते पाळतं.
- असर्टमधून (कोडमधल्या तपासणीच्या मॅक्रोतून) फाइलचा पूर्ण पत्ता बायनरीत शिरतो. जीसीसी ८ पासून ‘-एफफाइल-प्रीफिक्स-मॅप’ आहे, त्याने पत्त्याचा सुरुवातीचा भाग बदलता येतो.
- सोर्सची यादी ‘वाइल्डकार्ड’ने (नमुन्याला जुळतील त्या सगळ्या फाइली घेऊन) गोळा केली आहे आणि तिचा क्रम मशीनगणिक बदलतो. जीएनयू मेक ३.८२ मध्ये ही यादी क्रमाने लावणं बंद झालं होतं, ते ४.३ मध्ये परत आलं. त्यामुळे वाइल्डकार्डभोवती ‘सॉर्ट’ घालाच. त्याहून उत्तम म्हणजे फाइलींची नावं हाताने लिहा.
- गिटचा कमिट हॅश (त्या बदलाची ओळखखूण) व्हर्जनमध्ये भरला जातो. तो तर प्रत्येक पॅचला बदलणार. व्हर्जन बाहेरून देता येईल असं एक व्हेरिएबल ठेवा आणि तुलना करताना त्यात ठरावीक मजकूर द्या.

> तपासा: वेगळ्या नावाच्या दोन फोल्डरमधल्या डॉट-बिन बाइट-न्-बाइट सारख्या आहेत का? डॉट-एल्फ वेगळी असू शकते, कारण तिच्यात डीबगची माहिती असते. तुलना डॉट-बिनची करा.

इथून पुढे एक नियम: बिल्डचा बदल आणि कोडचा बदल एका कमिटमध्ये कधीही नको. बिल्डच्या प्रत्येक कमिटनंतर शा तोच राहिला पाहिजे. बदलला तर का बदलला, ते कमिटच्या संदेशात लिहा.

## टप्पा २: टूलचेन पक्की करा

टूलचेन म्हणजे कम्पायलर, लिंकर आणि त्यांच्या लायब्ररी. एकाच कोडची बायनरी दोघांकडे वेगवेगळ्या आकाराची निघते, तेव्हा सहसा कम्पायलर वेगळे असतात. एकाने उबंटूच्या पॅकेजमधून घेतलेला, दुसऱ्याने आर्मच्या साइटवरून, तिसऱ्याने आयडीईबरोबर आलेला. ६४ केबीच्या बोर्डावर हा फरक लिंक होणं आणि न होणं यांतला असू शकतो.

कम्पायलरची नेमकी आवृत्ती रेपोमधल्या एकाच फाइलमध्ये लिहा. बिल्ड सुरू होताच ती जुळते का हे पाहा, आणि नसेल तर स्पष्ट संदेश देऊन थांबा. नुसती वॉर्निंग देऊन पुढे गेलात तर ती कोणी वाचत नाही. डेबियन-उबंटूमध्ये न्यूलिब (सी लायब्ररी) हे कम्पायलरपासून वेगळं पॅकेज आहे, त्यामुळे त्याचीही आवृत्ती धरा.

सबमॉड्यूल (प्रकल्पात जोडलेले दुसरे गिट प्रकल्प) ठरावीक कमिटवर बांधलेली असू द्या. डाउनलोड स्क्रिप्टमध्ये ‘लेटेस्ट’ असं काही दिसलं तर ते काढून नेमकी आवृत्ती आणि चेकसम घाला. चेकसम असला की टूलचेनची फाइल मित्राकडून पेनड्राइव्हवर आणली तरी बिघडत नाही.

## टप्पा ३: अवलंबित्व खरं सांगा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ‘काही विचित्र झालं की क्लीन कर’ हा सल्ला कलाभवनच्या लॅबपासून जीआयडीसीच्या शेडपर्यंत सगळीकडे ऐकू येतो. ताप का आला ते न बघता रोज गोळी घेण्यातला हा प्रकार आहे. क्लीन करावं लागतं, कारण काय बदललं की काय पुन्हा बनवायचं हे मेकला कोणी पूर्ण सांगितलेलंच नसतं.

हेडर. कम्पाइल करताना ‘-एमएमडी’ आणि ‘-एमपी’ हे दोन्ही द्या. पहिल्याने प्रत्येक ऑब्जेक्टबरोबर (एका सोर्सच्या कम्पाइल झालेल्या फाइलीबरोबर) एक डॉट-डी फाइल तयार होते, तिच्यात त्या सोर्सने घेतलेल्या हेडरांची यादी असते. दुसऱ्याने प्रत्येक हेडरसाठी एक रिकामा नियम येतो, म्हणजे उद्या हेडर उडवला किंवा त्याचं नाव बदललं तर ‘हे बनवायचा नियम नाही’ म्हणून मेक अडत नाही. मेकफाइलच्या शेवटी या डॉट-डी फाइली इन्क्लूड करा, आणि इन्क्लूडच्या आधी हायफन लावा. पहिल्या बिल्डला त्या नसतातच.

लिंकर स्क्रिप्ट (काय फ्लॅशमध्ये आणि काय रॅममध्ये बसवायचं ते सांगणारी फाइल). लिंकच्या कमांडमध्ये ती असते, पण लिंकच्या नियमातल्या अवलंबित्वांत नसते. मग कोणीतरी तिच्यात रॅमची मर्यादा बदलतो, मेक म्हणतं सगळं ताजं आहे, आणि तो माणूस संध्याकाळभर बोर्डाला दोष देत बसतो. एल्फच्या नियमात लिंकर स्क्रिप्टचं नाव घाला. एका शब्दाचं काम आहे.

फ्लॅग (कम्पायलरला दिलेले पर्याय). ऑप्टिमायझेशन बदललं, एखादा डिफाइन वाढवला, तरी मेकला कळत नाही, कारण ते फाइलींच्या वेळा पाहतं, कमांड पाहत नाही. यासाठी एक स्टॅम्प फाइल ठेवा. प्रत्येक वेळी सगळे फ्लॅग आणि कम्पायलरची आवृत्ती तात्पुरत्या फाइलमध्ये लिहा, जुन्या स्टॅम्पशी तुलना करा, आणि फरक असेल तरच स्टॅम्प बदला. सगळे ऑब्जेक्ट या स्टॅम्पवर अवलंबून ठेवा. कम्पायलरची आवृत्ती त्यात हवीच, कारण ‘-एमएमडी’ सिस्टीमचे हेडर यादीत घेत नाही.

आपोआप बनणारे हेडर. इथे भले भले अडतात. एखादी पायथॉन स्क्रिप्ट पिनांच्या तक्त्यातून हेडर बनवते. पहिल्या बिल्डला डॉट-डी फाइल नाही, म्हणून मेकला त्या हेडरची गरजच माहीत नाही, आणि कधी कधी सोर्स आधी कम्पाइल व्हायला जातो. बनणारे हेडर सगळ्या ऑब्जेक्टांचं ‘ऑर्डर-ओन्ली’ अवलंबित्व करा, म्हणजे नियमात उभ्या रेघेनंतर लिहा. पहिल्या वेळी ते आधी बनतील, पुढे डॉट-डी फाइली सांभाळून घेतील.

व्हर्जनचा हेडर दर बिल्डला नव्याने लिहिला जात असेल तर त्याला घेणारं सगळं दर वेळी पुन्हा कम्पाइल होतं. तो मजकूर बदलला तरच लिहा, आणि एकाच छोट्या सी फाइलमध्ये वापरा. बाकीच्यांनी फंक्शनमधून विचारावं.

मेकफाइलमध्ये ‘डॉट-डिलीट-ऑन-एरर’ ही ओळ नसेल तर घाला. नाहीतर अर्ध्यात मेलेल्या कमांडची अर्धवट फाइल पुढच्या वेळी ताजी म्हणून खपते.

> सावधान: असेम्ब्ली फाइलचं एक्स्टेन्शन लहान ‘एस’ असेल तर जीसीसी तिच्यावर प्रीप्रोसेसर चालवत नाही, मोठा असेल तर चालवतं. स्टार्टअप फाइलमध्ये (बोर्ड सुरू होताच चालणाऱ्या) इन्क्लूड असूनही ‘-एमएमडी’ काही दाखवत नसेल तर आधी हे पाहा.

> तपासा: लागोपाठ दुसऱ्यांदा ‘मेक’ दिल्यावर काहीच व्हायला नको. काही झालंच तर ‘मेक --ट्रेस’ कारण सांगतं (४.० पासून). मग एका हेडरला ‘टच’ करा (नुसती बदलाची वेळ ताजी करा): फक्त तो घेणाऱ्या फाइली कम्पाइल व्हाव्यात. लिंकर स्क्रिप्टला टच करा: फक्त लिंक व्हावं. फ्लॅग बदला: सगळं व्हावं. फ्लॅग परत आणा: पुन्हा सगळं व्हावं, आणि शा साक्षीदाराशी जुळावा.

## टप्पा ४: प्रत्येक बोर्डाचा बिल्ड वेगळ्या फोल्डरमध्ये

ऑब्जेक्ट सोर्सच्या शेजारीच पडत असतील तर एका बोर्डाचा बिल्ड करून लगेच दुसऱ्याचा केल्यावर पहिल्याचे ऑब्जेक्ट दुसऱ्यात लिंक होतात. एफ१०३ आणि एफ४०७ यांची गल्लत बहुधा लिंकरच पकडतो, कारण एकात फ्लोटिंग पॉइंटचं हार्डवेअर आहे आणि दुसऱ्यात नाही. खरा धोका एकाच प्रोसेसरच्या दोन बोर्डांत आहे: क्लॉक किंवा पिना वेगळ्या, बिल्ड बिनतक्रार होतो, आणि यूएआरटीवर (सीरियल पोर्टवर) कचरा येतो.

बिल्डचा पत्ता बोर्डाच्या नावाने ठेवा, आणि त्यात सोर्सची फोल्डररचनाही जपा. एसटीएम३२क्यूबएमएक्स (या चिपच्या कंपनीचं, प्रकल्प उभा करून देणारं टूल) जी मेकफाइल बनवून देतं तिच्यात ‘नॉटडिर’ आणि ‘व्हीपाथ’ असतं: सगळे ऑब्जेक्ट एकाच फोल्डरमध्ये सपाट येतात. दोन वेगळ्या फोल्डरमध्ये ‘युटिल.सी’ नावाच्या फाइली असल्या की दोन्हींचा ऑब्जेक्ट एकच होतो आणि यादीत आधी येणाऱ्या फोल्डरमधली फाइल जिंकते. प्रकल्प क्यूबएमएक्सपासून वाढलेला असेल तर ही जागा नक्की उघडून बघा.

प्रत्येक बोर्डासाठी एक छोटी फाइल करा: प्रोसेसरचे फ्लॅग, लिंकर स्क्रिप्ट, क्लॉक, त्या बोर्डापुरते सोर्स. मुख्य मेकफाइलमध्ये बोर्डाच्या नावावर ‘इफ’ दिसता कामा नये. नवा बोर्ड जोडायला मुख्य फाइल उघडावी लागली, तर हा टप्पा अजून संपलेला नाही असं समजा.

## टप्पा ५: समांतर बिल्ड

आता ‘मेक -जे’ चालवा. आधी चालवला असता तर चुकलेलं अवलंबित्व कुठलं आणि समांतरपणाचा गोंधळ कुठला, ते वेगळं काढता आलं नसतं.

आतल्या फोल्डरमध्ये मेक पुन्हा बोलावलं जात असेल तर तिथे साधं ‘मेक’ न लिहिता डॉलर आणि कंसातलं मोठ्या अक्षरांचं ‘मेक’ व्हेरिएबल वापरा. नाहीतर आतल्या मेकला किती कामं वाटून घ्यायची ते कळत नाही. एकाच कमांडमधून दोन फाइली बनत असतील, जसं एक सी आणि एक हेडर, तर साधा नियम ती कमांड दोनदा चालवू शकतो. जीएनयू मेक ४.३ पासून त्यासाठी अ‍ॅम्परसँड-कोलनचा गट-नियम आहे. मॅकवर अ‍ॅपलने दिलेलं मेक मात्र ३.८१ आहे, तिथे नवं मेक वेगळं बसवायला सांगा.

> तपासा: जीएनयू मेक ४.४ मध्ये ‘--शफल’ आहे. ते कामांचा क्रम मुद्दाम पिसतं. स्वच्छ फोल्डरमधून वेगवेगळ्या वेळी शफलसह बिल्ड करा. एखादा क्रम फुटला तर मेक त्याचा आकडा दाखवतं. तोच आकडा देऊन तीच चूक पुन्हा घडवता येते.

## टप्पा ६: लायब्ररी करताना इंटरप्ट सांभाळा

सगळे ड्रायव्हर एका स्टॅटिक लायब्ररीत (अनेक ऑब्जेक्टांच्या एका डॉट-ए फाइलीत) घालू, बिल्ड नीटनेटका दिसेल, असं इथे कोणीतरी सुचवतं. थांबा. स्टार्टअप फाइलमध्ये प्रत्येक इंटरप्टचा (हार्डवेअरकडून येणाऱ्या हाकेचा) एक ‘वीक’ हँडलर (खरा नसेल तेव्हाचं बदली फंक्शन) असतो, तो बहुधा अनंत लूपमध्ये जातो. तुमचा खरा हँडलर डॉट-ए लायब्ररीत गेला आणि त्या फाइलमधलं दुसरं काही कोणी मागितलं नाही, तर लिंकर ती फाइल उघडतच नाही. त्याच्या दृष्टीने हँडलर आधीच मिळालेला आहे. बिल्ड होतो, वॉर्निंग नाही, आणि पहिल्या इंटरप्टला बोर्ड गोठतो.

हँडलर असलेल्या फाइली थेट ऑब्जेक्ट म्हणून लिंक करा, किंवा त्या लायब्ररीसाठी ‘होल-आर्काइव्ह’ (लायब्ररीतलं सगळं घ्यायला लावणारा पर्याय) वापरा. तसंच न वापरलेले सेक्शन काढणारा ‘--जीसी-सेक्शन्स’ लावत असाल तर लिंकर स्क्रिप्टमध्ये व्हेक्टर टेबलाभोवती (हँडलरांच्या पत्त्यांच्या तक्त्याभोवती) ‘कीप’ आहे का ते पाहा.

> तपासा: मॅप फाइलमध्ये प्रत्येक हँडलरचं नाव शोधा. तो स्टार्टअपच्या ऑब्जेक्टमधून आला असेल तर चुकलं आहे.

सी-कॅश (आधी कम्पाइल झालेलं पुन्हा वापरणारं टूल) लावायचा असेल तर आता लावा. आधी लावलात तर चुका कॅशमागे लपतात.

## टप्पा ७: प्रत्येक पॅचची आपोआप तपासणी

सगळे बोर्ड आणि पीसीवरच्या चाचण्या, सगळं प्रत्येक पॅचला बिल्ड व्हावं. तीन जागी हमखास अडतं.

गिटहबच्या चेकआउट अ‍ॅक्शनमध्ये मुळात फक्त शेवटचा कमिट येतो. टॅग नाहीत, सबमॉड्यूलही नाहीत. मग ‘गिट डिस्क्राइब’ (टॅगवरून व्हर्जन काढणारी कमांड) काही सांगू शकत नाही आणि व्हर्जन रिकामं निघतं. दोन्ही सेटिंग स्वतः द्या.

वॉर्निंगला एरर मानणारा फ्लॅग फक्त या तपासणीत लावा. तो सगळ्यांसाठी लावला तर नवा कम्पायलर आला की वापरणाऱ्याचा बिल्ड फुटतो, आणि त्याचा दोष काहीच नसतो.

आकाराची मर्यादा घाला. ‘साइझ’ कमांडच्या तक्त्यात फ्लॅशला टेक्स्ट (कोड) अधिक डेटा (सुरुवातीची किंमत दिलेली व्हेरिएबल) लागतात, रॅमला डेटा अधिक बीएसएस (शून्यापासून सुरू होणारी व्हेरिएबल). नुसता टेक्स्ट पाहून ‘६४ केबीत बसतंय’ म्हणणारे भेटतात. शिवाय रॅममध्ये स्टॅक आणि हीपसाठी जागा उरली पाहिजे, म्हणून मर्यादा पूर्ण २० केबी न ठेवता त्याखाली ठेवा.

## टप्पा ८: आता सांगा, सीमेक हवं का?

बहुतेकांना इथवर आल्यावर नको असतं. हवं असण्याची रास्त कारणं आहेत: पिको एसडीके (रास्पबेरी पाय पिको बोर्डासाठीचं) किंवा झेफर (छोट्या बोर्डांची ऑपरेटिंग सिस्टीम) यांसारखं सीमेकवर उभं असलेलं काही वापरायचं आहे, पीसीवरच्या चाचण्या विंडोज-लिनक्स-मॅक तिन्हीकडे चालवायच्या आहेत, किंवा सहभागी होणारे वेगवेगळे एडिटर वापरतात. ‘मेक जुनं झालं’ हे कारण नव्हे.

न्यायचंच असेल तर मेकफाइल न काढता शेजारी सीमेक उभं करा. टूलचेन फाइलमध्ये सिस्टीमचं नाव ‘जेनेरिक’ द्या आणि ट्राय-कम्पाइलचा प्रकार ‘स्टॅटिक लायब्ररी’ ठेवा. नाहीतर कम्पायलर तपासताना सीमेक पूर्ण प्रोग्राम लिंक करायला जातं आणि तिथेच पडतं. टूलचेन फाइलमधला कम्पायलर आणि सुरुवातीचे फ्लॅग पहिल्या कॉन्फिगरलाच ठरतात, ती बदलली की बिल्ड फोल्डर उडवून नव्याने कॉन्फिगर करा. सोर्स ‘ग्लॉब’ने (सीमेकमधल्या वाइल्डकार्डने) गोळा करू नका: नवी फाइल आली हे सीमेकला पुन्हा कॉन्फिगर केल्याशिवाय कळत नाही, आणि क्लीनची जुनी सवय परत येते.

सोर्सचा क्रम आणि फ्लॅग सारखे ठेवले तर दोन्हींकडून तीच डॉट-बिन काढता येते. निघत नसेल तर दोन मॅप फाइली शेजारी ठेवून पहिला फरक शोधा. बहुधा एखादा सुटलेला फ्लॅग किंवा लिंकचा वेगळा क्रम सापडतो.

## पॅच पाठवताना

प्रत्येक टप्पा स्वतंत्र मालिका म्हणून पाठवा. संदेशात प्रत्येक बोर्डाचा आधीचा आणि नंतरचा शा लिहा; मेंटेनरला तुमच्या शब्दावर विसंबायची गरज पडत नाही आणि मंजुरी लवकर मिळते. पॅच तपासणारे बडोद्याचेच असतील तर मोठी मालिका नवरात्राच्या तोंडावर टाकू नका, नऊ रात्री ती कोणी उघडणार नाही.

रीडमीमधल्या बिल्डच्या पायऱ्या प्रकल्प कधीच न पाहिलेल्या माणसाच्या लॅपटॉपवर, त्याच्याच हातून करून घ्या. तुम्ही शेजारी बसा, पण बोलू नका. तो जिथे थांबून तुमच्याकडे पाहील ती पायरी पुन्हा लिहा. सीमेकवर गेला असाल तर जुनी मेकफाइल काढणारा पॅच सगळ्यात शेवटी, एक रिलीज दोन्हींवर निघाल्यानंतर पाठवा.